पोकरचं टेबल कोणी मांडलं?

प्रश्न : गणपतीच्या जागरणात मुलं मोबाइलवर पोकरचे सामने लावून बसतात. खेळाडूचे पालथे पत्ते आपल्याला दिसतात, समोरच्याला नाहीत. ही युक्ती कोणाची? (वेंगुर्ले)

हेन्री ओरेनस्टाईन यांची. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत पोचलेले गृहस्थ. धंदा खेळण्यांचा, ट्रान्सफॉर्मर्स ही रोबोची खेळणी अमेरिकेत येण्यामागेही त्यांचाच हात. टेबलाखालून पत्ते टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या कल्पनेचं पेटंट त्यांना १९९५ मध्ये मिळालं.

त्याआधी पोकर पाहणं म्हणजे गप्प बसलेल्या माणसांकडे बघत राहणं. देवळाच्या ओट्यावर डाव रंगला की मागे उभा राहून दोन्हीकडचे पत्ते बघणारा एक जण असतोच. ओरेनस्टाईननी घरच्या प्रेक्षकाला त्याच्या जागी उभं केलं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने काचेच्या पट्टीखाली कॅमेरे बसवून असा कार्यक्रम दाखवला, आणि २००३ पासून अमेरिकन टीव्हीवर पोकरचं पेवच फुटलं.

आता बऱ्याच ठिकाणी पत्त्यातच बारीक चिप असते आणि टेबलाच्या कापडाखाली ती वाचणारा अँटेना. खेळाडूने पत्ते ठरल्या जागेवर ठेवले नाहीत तर पडद्यावर ते उमटतच नाहीत. ‘थेट’ प्रक्षेपणही मुद्दाम उशिरा सोडतात, नाहीतर घरी बसलेला भाऊ फोनवरून पत्ते सांगेल. ओरेनस्टाईन २००८ मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण नावं लक्षात राहिली ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्यांची.

प्रश्न : क्रिस मनीमेकर ८६ डॉलर भरून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत गेला आणि २५ लाख डॉलर जिंकला, असं सगळे सांगतात. प्रवेशशुल्क १० हजार डॉलर असताना हे जमलं कसं? (रत्नागिरी)

सॅटेलाइट स्पर्धेमुळे. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय पोकर स्पर्धा भरवणाऱ्या एरिक ड्राश यांना देतात. मोठ्या स्पर्धेची जागा १० हजारांची असेल तर दहा जणांनी हजार-हजार काढायचे, आपसात खेळायचं आणि जिंकेल त्याने ती जागा घ्यायची. रोख कोणालाच नाही. त्या हजाराच्या जागेसाठीही दहा जण शंभर-शंभर भरून खेळू शकतात. मनीमेकर ऑनलाइन सॅटेलाइटमधून असाच वर चढला. व्यवसायाने तो अकाउंटंट. २००३ च्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६. सॅटेलाइटमधून येऊन मुख्य स्पर्धा जिंकणारा पहिला मात्र टॉम मॅकेव्हॉय, तोही वीस वर्षं आधी, १९८३ मध्ये. त्याच्या पाठीशी ना तो कॅमेरा होता, ना इंटरनेट. आणि आडनावही इतकं सोयीचं नव्हतं.

सॅटेलाइटमध्ये एक चूक हमखास होते. समजा मोठ्या सॅटेलाइटमध्ये जिंकायच्या जागा दहा आहेत आणि अकरा जण उरलेत. तुमच्याकडे चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी लावायच्या चकत्या, भरपूर, दोघांकडे जेमतेम एका डावापुरते. अशा वेळी तुमच्याहून मोठ्या ढिगाच्या खेळाडूने सगळं लावलं, तर हातात दोन एक्के असले तरी पत्ते टाकून द्या. कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध एक्क्यांची जोडी शंभरातून साधारण पंधरा वेळा हरते. हरलात तर बाहेर, जिंकलात तरी मिळणार ती एकच जागा. पहिल्याला आणि दहाव्याला बक्षीस सारखंच असतं, हे एक्के पाहिल्यावर लोक विसरतात.

प्रश्न : मंडळात पैसे न लावता टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो. पत्ते नीट पिसले जात नाहीत अशी तक्रार असते. (मालवण)

पैसे लावत नाही हे उत्तम. चिप्सऐवजी चिंचोका धरायचा एक, काजूची बी दहा, एवढ्यावर भागतं.

आपण गड्डी हातात धरून वरखाली पिसतो. त्यात मागच्या डावातले पत्ते गठ्ठ्यागठ्ठ्याने एकत्रच राहतात. गड्डीचे दोन भाग करून कडा एकमेकांत सोडत पिसलं, तर सात वेळा पुरे, असं बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. स्पर्धेतल्या डीलरला एवढा वेळ नसतो. नवी गड्डी तो आधी टेबलावर पालथी पसरून दोन्ही तळव्यांनी घोळतो. नंतर दर डावाला दोनदा कडा मिसळायच्या, वरून तीन-चार गठ्ठे उचलून टेबलावर एकावर एक टाकायचे, पुन्हा एकदा कडा मिसळायच्या आणि कापायचं. तळाचा पत्ता दिसू नये म्हणून खाली प्लास्टिकचं कार्ड ठेवतात. घरी त्या जागी जोकर लावा.

नऊ जण असतील तर दोन-दोनप्रमाणे १८ पत्ते, मधले पाच उघडे आणि पहिल्या तीन, चौथ्या व पाचव्या उघड्या पत्त्याआधी एकेक बाजूला टाकायचा, असे तीन. एकूण २६, बरोबर अर्धी गड्डी. बाजूला का टाकायचा? वरच्या पत्त्यावर खूण असेल, तर ती आधीपासून सगळ्यांच्या नजरेसमोर असते; तो पत्ता डावात येऊ नये म्हणून.

वाटताना अगदी पहिला किंवा दुसराच पत्ता उघडा पडला तर वाटप रद्द. पुढचा एखादा पडला तर वाटप पूर्ण करा, ज्याचा पडला त्या खेळाडूला गड्डीवरचा पत्ता द्या आणि उघडा पडलेला बाजूला टाकायचा पहिला पत्ता धरा. भाद्रपदात कागदी पत्ते ओल धरतात आणि दोन-दोन एकदम सुटतात. प्लास्टिकचेच घ्या.

प्रश्न : मेंढीकोटाचे नियम वाडीगणिक बदलतात. पोकरचे सगळीकडे सारखे कसे? (दापोली)

नव्हतेच. क्लबगणिक निराळे होते. २००१ मध्ये लिंडा जॉन्सन, मॅट सॅव्हेज, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी स्पर्धा-संचालकांची संघटना काढून ते एका सुरात आणले. जॉन्सनबाई पूर्वी टपाल खात्यात होत्या. नमुन्याला एक नियम : समोरच्याने बोली केल्यावर तुम्ही न बोलता बोलीपेक्षा मोठ्या किमतीची एकच चिप पुढे सरकवली, तर ती बोलीशी बरोबरी मानतात, वाढ नाही. वाढ करायची तर आधी तोंडाने सांगा.

प्रश्न : आपल्याकडे अशी पडद्याआडची माणसं? (सावंतवाडी)

तुमच्याच गावातले चितारी. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, मोडीत निघालेली असताना पुंडलिक चितारी यांच्याकडे ही कला उरली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला पुन्हा उभं केलं. जुन्या रीतीत चिंचोक्यांची खळ वापरून पत्ता कडक करतात आणि वर लाखेचा हात देतात. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. राजा आणि प्रधान सगळीकडे मोठे, पण आकड्यांच्या पत्त्यांत पाच रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. नवखा फसतो तो इथेच.