आरपार, झिरझिरीत आणि नितळ

प्रश्न : मी घरूनच साड्या आणि ओढण्या विकते. परदेशातील ग्राहकांसाठी त्यांचे वर्णन इंग्रजीत लिहावे लागते. एका चंदेरी ओढणीपुढे मी ‘ट्रान्सपरंट’ असे लिहिले, तर एका बाईंनी ‘ही ओढणी प्लॅस्टिकची आहे का?’ असे विचारले. माझी मुलगी ‘ट्रान्सल्यूसंट’ लिही म्हणते आणि आमचे पडदेवाले ‘शीअर’ म्हणतात. नेमका कोणता शब्द वापरावा? (एक वाचिका, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : त्या बाईंचा प्रश्न तुम्हांला खोचक वाटला असेल, पण तो रास्त होता. पडदेवाल्यांचा शब्द घ्यावा. ‘ट्रान्सपरंट’ म्हटले की इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काच, पाणी किंवा प्लॅस्टिकची पिशवी येते, म्हणजे ज्याच्यातून पलीकडची वस्तू जशीच्या तशी दिसते असा पदार्थ. लॅटिनमधील ‘पलीकडे’ आणि ‘दिसणे’ या दोन घटकांपासून तो शब्द झाला आहे. आपला ‘पारदर्शक’ही त्याच घडणीचा असल्यामुळे शाळेत आपण एकासमोर दुसरा लिहून मोकळे होतो. ‘ट्रान्सल्यूसंट’ मध्ये मात्र ‘दिसणे’ नसून ‘प्रकाशणे’ आहे (संस्कृतातील ‘रुच्’ हा धातू त्याच कुळातला). तेथे उजेड पलीकडे पोहोचतो, आकार पोहोचत नाही. काचेच्या पेल्यातील कोरा चहा कितीही गडद असला तरी ट्रान्सपरंट असतो, कारण त्यातून पेल्यामागची खिडकी ओळखू येते. साध्या पाण्यात दुधाचे थोडे थेंब टाकले की ते ट्रान्सल्यूसंट होते, आणि दूध वाढवत गेले की शेवटी ‘ओपेक’, म्हणजे अपारदर्शक.

कापडाचे गणित याहून निराळे आहे. ओढणीचा पदर वर्तमानपत्रावर सपाट पसरून पाहा, मथळाच काय, बारीक बातमीही वाचता येईल. मग तोच पदर वीतभर वर उचला, अक्षरे पुसट होत जातील. याचे कारण असे की उजेड मुख्यतः धाग्याधाग्यांमधील फटींतून येतो आणि धागे स्वतः चमकून मागचे चित्र फिके करतात. अशा विरळ विणीच्या, हलक्या कापडासाठी इंग्रजीत ‘शीअर’ हा शब्द रूढ आहे, आणि त्यात कौतुकाची छटा आहे. चंदेरी, ऑरगंझा, शिफॉन, खिडकीचे पातळ पडदे ही सगळी मंडळी ‘शीअर’. मूळचा अर्थ उजळ, स्वच्छ, निर्भेळ असा असल्यामुळे ‘शीअर नॉन्सेन्स’ म्हणजे निव्वळ मूर्खपणा. सरळ तुटलेल्या कड्यालाही हाच शब्द लावतात, पण तुमच्या ओढणीला त्याचा त्रास होण्याचे कारण नाही.

‘सी-थ्रू’ हा शब्द मात्र जपून वापरावा. लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार ज्या ब्लाउजपिसाबद्दल ‘याला अस्तर लावावे लागेल हो’ असे हळूच सांगतो, ते कापड ‘सी-थ्रू’. आतले दिसते हा त्याचा गुण नव्हे, अडचण आहे. फॅशनच्या जाहिरातीत मुद्दाम वापरला तरी त्यातला थोडा चावटपणा जात नाही. ‘डायाफनस’ (आरपार दिसेल इतके तलम) हा ग्रीक वंशाचा शब्द कवितेत आणि महागड्या दुकानांत शोभतो. दिवाळीच्या फराळाच्या टोपल्यांवर गुंडाळतात त्या सेलोफेनच्या नावातला ‘फेन’ त्याच शब्दाचा तुकडा आहे. ‘क्लिअर’ म्हणजे रंगही नाही आणि गढूळपणाही नाही. हिरवी बाटली ट्रान्सपरंट असते, पण व्यापारात तिला ‘क्लिअर’ म्हणत नाहीत.

यात इंग्रजीचे फार नवल वाटून घेऊ नये. आपणही वस्तू पाहूनच शब्द काढतो: पाणी नितळ, कापड तलम किंवा झिरझिरीत, वापरून वापरून धागे सुटलेले धोतर विरविरीत. गढूळ पाणी निवळते, कापड निवळत नाही. हिऱ्याच्या स्वच्छतेला आपण ‘पाणी’ म्हणतो, आणि इंग्रजीतही अस्सल हिऱ्याला ‘ऑफ द फर्स्ट वॉटर’ म्हणण्याची जुनी रीत आहे. पाठ्यपुस्तकातील ‘पारदर्शक’ या एकाच शब्दाने या सगळ्यांची जागा बळकावली, म्हणून भाषांतर करताना आपली फसगत होते. तुम्ही मनात आधी ‘झिरझिरीत’ म्हटले असते, तर ‘ट्रान्सपरंट’ लिहिण्याकडे हात गेलाच नसता.

प्रश्न : आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला दुधी काच आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावली, तेव्हा तेवढ्या पट्ट्यातून बाहेरचे स्पष्ट दिसू लागले. मग ही काच ट्रान्सल्यूसंट म्हणायची की ट्रान्सपरंट? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर : ज्या तळेगावात लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तेथून काचेविषयी प्रश्न यावा, हे फारच छान झाले. तुमची काच आतून ट्रान्सपरंटच आहे. तिचा फक्त एक पृष्ठभाग खरवडलेला आहे. त्या असंख्य बारीक खड्ड्यांवर प्रकाश वाटेल तसा वळतो आणि चित्र विस्कटते. चिकटपट्टीचा गोंद ते खड्डे भरून काढतो, आणि गोंदाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचे माप) काचेच्या १.५ या अपवर्तनांकाच्या जवळपास असल्यामुळे प्रकाशाला खड्डे जणू उरतच नाहीत. गरम भज्यांखालच्या कागदावर तेल पसरते तेथे त्यातून उजेड दिसू लागतो, त्यामागेही हेच कारण आहे. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते.

अशा काचेला इंग्रजीत ‘फ्रॉस्टेड’ म्हणतात, म्हणजे हिम साचल्यासारखी. जी काच आरपार दुधाळ असते ती ‘ओपल ग्लास’, आणि तिच्यावर कितीही पट्ट्या चिकटवल्या तरी काही दिसायचे नाही. तुमची खिडकी खरवडलेल्या काचेची असल्यामुळे तिची खरखरीत बाजू न्हाणीघराच्या आत आहे का, हे मात्र आजच हात फिरवून पाहावे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, तो गोंदाइतके काम करत नसला, तरी अंघोळीचे पाणी उडून ती बाजू भिजली की पडदा बराच विरळ होतो.

प्रश्न : ‘ट्रान्सपरंट’ कारभार चांगला, मग ‘ट्रान्सपरंट लाय’ वाईट का? मुलाखतीची तयारी करताना गोंधळ होतो. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नवी पेठ, पुणे)

उत्तर : दोन्हीकडे आतले दिसते, फरक इतकाच की एकीकडे ते दाखवायचे असते आणि दुसरीकडे लपवायचे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याच्या प्रास्ताविकेत माहितीच्या पारदर्शकतेचा उल्लेख आहे, तो पहिल्या अर्थाने. ‘ट्रान्सपरंट लाय’ म्हणजे शेंबडे पोरही ओळखेल अशी थाप. ‘पारदर्शक खोटे’ असे मराठी करू नये आणि ‘धादांत खोटे’ असेही नको, कारण धादांत खोटे पचूही शकते. संगणकवाल्यांचा तिसरा अर्थ तर उलट्या टोकाचा आहे: एखादा बदल वापरणाऱ्याला ‘ट्रान्सपरंट’ आहे असे ते म्हणतात, तेव्हा तो त्याला जाणवतच नाही. काच इतकी स्वच्छ की ती आहे हेच कळत नाही, असा त्यामागचा विचार.

मुलाखतीसाठी आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे मी त्याचे पाणी ओळखले. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे अडचणीतून मी त्याला निभावून नेले. तुमच्या मार्गदर्शकांविषयी बोलताना यांपैकी दुसरे वाक्यच त्यांच्या तोंडी घालावे.