नुसतं बघू नकोस, लावून बघ

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. डोहाळजेवणाच्या तुझ्या डेकोरेशनमध्ये मागची लायटिंग अर्धीच पेटली, फुग्यांचा पंप मधेच बंद पडला, पडद्याचा स्टँड एका अंगाला कलला आणि यजमानांनी पैसे कापले. आता तू विचारतेस, नवा पंप घेऊ, मोठा स्टँड घेऊ, की हाताखाली एक मुलगा ठेवू? यातलं काही आत्ता करू नकोस. तू लिहिलंयस, ‘निघताना सगळं सामान बघितलं होतं.’ बघितलं होतंस, लावलं नव्हतंस. दुखणं तिथेच आहे.

आदल्या संध्याकाळी घरी, गच्चीवर, पार्किंगमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे सगळं लावून बघायचं. लायटिंगच्या माळा पूर्ण सोडायच्या, गुंडाळलेल्या असताना पेटवायच्या नाहीत. अर्धा तास चालू ठेवायच्या. सैल सांधा पहिल्या पाच मिनिटांत फसवतो. वायर जरा तापली की मगच माळेचा एक तुकडा लुकलुकतो नाहीतर विझतो. त्या अर्ध्या तासात पिनपासून सुरुवात करून माळ हातातून सरकवत जा, जोडावर बोटाने हलकेच हलवून बघ. जिथे लुकलुकलं तिथे लाल टेप लाव, पिन काढ आणि मगच सांधा उघड. दुरुस्त होईपर्यंत ती माळ पिशवीत जाणार नाही. लाल टेपवालं सामान वेगळ्या खोक्यात ठेव, म्हणजे घाईत चुकून उचललं जाणार नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. रीळवाला असेल तर वायर पूर्ण उलगडून वापर. गुंडाळीत अडकलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि लोड वाढला की इन्सुलेशन वितळतं. लोडचा हिशेब कागदावर मांड: ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट. ५०० वॅटचे तीन हॅलोजन लावलेस की १५०० झाले, म्हणजे तिथेच मर्यादेबाहेर गेलीस. कन्व्हर्टर पिन लावून मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसते, म्हणून सॉकेटची ताकद वाढत नाही. हॉल बघायला जाशील तेव्हा १६ अँपिअरचा पॉइंट कुठे आहे आणि तिथून स्टेज किती फूट, हे विचारून लिहून आण. ‘लाईटची सोय आहे’ एवढ्यावर परत येऊ नकोस. हॉलवाला तेच सांगतो, आणि त्याच्या मते ते खरंही असतं.

आता स्टँड. तुझा ८ बाय ८ फुटांचा आहे ना? उभा कर, पडदा चढव, चुण्या पाड, आणि मग हाताने हलव. रिकामा स्टँड सगळ्यांचाच सरळ उभा राहतो, कलतो तो कापडाच्या वजनाने. पाइप आत-बाहेर सरकवून कसायचा प्लास्टिकचा नट नखाने चाचपून बघ. त्याला केसासारखी चीर गेलेली असते, डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. असे चार नट जादा पिशवीत ठेव. दोन्ही पायांवर पाच-पाच किलोची वाळूची पिशवी हवी, उघड्यावर त्याच्या दुप्पट. पडद्याचं कापड स्टँडच्या रुंदीच्या दीडपट तरी असू दे, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि मागचा पाइप दिसतो.

पंप सलग चालवला की तापतो. थोडे फुगे भरून त्याला थांबू दे आणि हाताचा पंप नेहमी बरोबर ठेव. १० इंची फुगा ९ इंचांवर थांबव. पुठ्ठ्याला ९ इंची भोक पाडून त्यातून प्रत्येक फुगा काढ, म्हणजे फुग्यांची कमान एकसारखी दिसेल. एसी हॉलमध्ये टम्म भरलेला फुगा बाहेर उन्हात नेला की हवा फुगते आणि तो फुटतो. उन्हात रबराची चकाकीही जाते, त्यामुळे उघड्यावरची कमान शेवटी बांध. मोजून लागतात त्यापेक्षा दहा टक्के फुगे जास्त ने.

फुलांचं थोडक्यात: फुलं खोचायचा फोम पाण्यावर सोडून दे, आपोआप बुडू दे. दाबलास तर मधला भाग कोरडा राहतो आणि जरबेरा दोन तासांत मान टाकतो. झेंडू प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, आतल्या आत तापून काळा पडतो.

पिशवीत कटर, पक्कड, टेस्टर, इन्सुलेशन टेप, झिप टाय, तंगूस (नायलॉनचा दोरा), सेफ्टी पिना. डबल टेप लावण्याआधी हॉलच्या भिंतीवर एका कोपऱ्यात बोटभर तुकडा चिकटवून काढून बघ. डिस्टेंपरचा पापुद्रा निघाला तर भिंतीला हात लावू नकोस, सगळं स्टँडवर घे. टेम्पोत स्टँड आणि पडदा शेवटी चढव, कारण हॉलवर तेच आधी उतरवायचं असतं.

माझ्याकडची मुलं कुरकुरतात. रात्री दहाला उभं करायचं, साडेदहाला उतरवायचं, कशाला? मी ऐकत नाही आणि ऐकणारही नाही. तपासणी टाळल्यामुळे तुटलेली गिऱ्हाइकांची घरं माझ्या अजून लक्षात आहेत. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त पुढच्या बारशाला दुसऱ्याला बोलावलं. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत. ज्या बाईने सात महिने त्या दिवसाची वाट बघितली, तिच्या फोटोत मागची अर्धी माळ विझलेली असावी, हे मला आजही सहन होत नाही. तुलाही होत नाही, म्हणून तर तू रात्री साडेबाराला एवढा लांब मेसेज लिहिलास.

शनिवारच्या बारशाचं काम सोडू नकोस. शुक्रवारी आठला सगळं उभं कर आणि मला फोटो पाठव. माळ पेटवल्या पेटवल्या काढलेला नको, साडेआठचा पाठव.