फार्म.डी.च्या आधी बॅचलर पदवी घ्यावी का?

तुमची लेक न्यू जर्सीत एडिसनला अकरावीत आहे, तिला फार्मासिस्ट व्हायचंय, आणि तिला शाळेनंतर थेट फार्म.डी.च्या (इथे फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या पदवीच्या) सहा वर्षांच्या सलग कोर्सला घालावं की आधी चार वर्षांची पदवी घेऊ द्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी पदवीचा रस्ता धरला होता. आधी बायॉलॉजी, मग चार वर्षं फार्म.डी. आता एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. "हातात एक डिग्री असू दे" असं माझे आईबाबा म्हणायचे. तुमच्या प्रश्नात तेच वाक्य दिसलं म्हणून लिहायला बसले.

लायसन्ससाठी ती पदवी लागत नाही. राज्याचं बोर्ड फार्म.डी. बघतं, नॅप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा बघतं आणि बहुतेक ठिकाणी फार्मसी कायद्याची परीक्षा घेतं. माझ्या शेजारी बसणारी सहकारी सहा वर्षांत शिकून आली. माझ्या जादा पदवीमुळे आमच्या पगारात काही फरक पडलेला नाही. ती माझ्याआधी दोन वर्षं कमवायला मात्र लागली. २०२४ मध्ये इथे अमेरिकेत निम्मे फार्मासिस्ट वर्षाला १,३७,००० डॉलरहून जास्त कमावत होते, म्हणजे दोन वर्षं किती महाग पडतात ते बघा. शिवाय त्या दोन वर्षांची फी वेगळीच.

प्रवेशासाठीही बऱ्याच कॉलेजांना पदवी नको, ठरावीक विषय हवे असतात: जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश. दोन-तीन वर्षांत ते होतात. पीकॅट ही प्रवेश परीक्षा २०२४ मध्ये बंदच झाली. गेल्या दशकात अर्ज घटलेत आणि कॉलेजं १४० च्या आसपास आहेत, त्यामुळे केवळ पदवी नाही म्हणून हुशार मुलगी अडून राहील असं मला वाटत नाही. माझ्या मुलाखतीत पदवीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ऑरगॅनिकमध्ये सी का मिळाला, हे मात्र दोघांनी विचारलं. काही कॉलेजं पदवीला झुकतं माप देतात, तेव्हा तिच्या यादीतल्या प्रत्येकाच्या अटी नीट वाचा.

तरीही आईबाबांचं वाक्य मी खोडून काढणार नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी पदवी न घेताच आली होती. फार्म.डी.च्या दुसऱ्या वर्षी तिला कळलं की हे आपलं काम नाही. चार वर्षं शिकून हातात एकही पदवी नाही, आणि दुसरीकडे जाताना बरीच क्रेडिटं वाया गेली. तिचे ते महिने मी जवळून पाहिलेत, म्हणून सांगते: न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठासारखा सलग कोर्स बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की चौथ्या वर्षी मुलगी बाहेर पडली तर तिच्या हातात काय असेल? काही ठिकाणी वाटेत बॅचलर पदवी मिळते, काही ठिकाणी नाही. तीन वर्षं कॉलेज आणि फार्म.डी.चं पहिलं वर्ष मिळून पदवी देणारी सोयही काही ठिकाणी असते. मन पक्कं नसलेल्या मुलीसाठी मला तीच सगळ्यांत बरी वाटते.

पैशांचं आत्ताच बोलून घ्या. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्या फार्म.डी.च्या विद्यार्थ्यांना फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच मिळेल. तुम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि ती एच-फोरवर (त्यावरच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर तेही नाही, आणि एकविसाव्या वर्षी तिला बहुधा विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. अशा घरासाठी दोन जादा वर्षं फार जड जातात.

तिचं मन किती पक्कं आहे, हे तुम्ही आणि मी ठरवू शकत नाही. राज्याची वयाची अट बसत असेल तर येत्या उन्हाळ्यात तिला फार्मसीत काम करू द्या. दिवसभर उभं राहणं, इन्शुरन्सनं नाकारलेल्या औषधासाठी फोनवर ताटकळणं, चिडलेल्या पेशंटला शांतपणे समजावणं, हे सगळं तिला बघू दे. त्यानंतरही तिला हेच करायचं असेल, तर बिनधास्त सहा वर्षांच्या कोर्सला घाला. मन डळमळलं, तर आधी पदवी. तेव्हा पुन्हा लिहा, कॉलेजांची यादी आपण मिळून बघू.