टर्बोचा पाइप सारखा निसटतोय? आधी हे बघ

भावा, लगेच महागडे क्लॅम्प (जोडावर आवळायच्या पट्ट्या) घेऊ नको, आधी पाइपच्या टोकाला उठावदार कड आहे का बघ. गुळगुळीत पाइपवर काय बी लाव, गगनबावड्याच्या घाटात बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) भरला की फाट्दिशी सुटणारच. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं कड पाडून घे, न्हाईतर वेल्डिंगचे टिपके मारून घे. मग पाइपचं टोक बाहेरनं अन् कपलर (दोन पाइप जोडणारी सिलिकॉनची नळी) आतनं ब्रेक क्लीनरनं पुसून कोरडं कर, तेलकटपणा लय नडतो, आणि क्लॅम्प कडेच्या मागं (पाइपच्या टोकापासनं लांबच्या बाजूला) बसव, कडेवर न्हाई. इंजिन हलतं तिथं मधे फुगीर असलेला कपलर टाक. आवळताना पैलवानकी नको, सिलिकॉन कापतंय (माझा एक असाच गेला). गाडी तापून गार झाली की परत एकदा आवळ, आणि कमी दाबानं हवा भरून साबणाच्या पाण्यानं सगळे जोड बघ, बुडबुडा दिसला की तिथंच लीक.