क्रिएटिनिन ६.८ आहे, डायलिसिस लवकरच लागेल: भांडुपहून सेंटर कुठलं घ्यावं आणि आत्ता काय करावं

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: वडील चौसष्ट वर्षांचे, मधुमेह जुना, लघवी अजून बरी होते. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) म्हणतात दोन-तीन महिन्यांत डायलिसिस लागेल, हाताला फिस्टुला आत्ताच करून घ्या. घरच्यांना वाटतं, लागेल तेव्हा बघू. आणि थोरल्या भावाला दक्षिण मुंबईतलं नावाजलेलं हॉस्पिटलच हवंय.

आधी फिस्टुला, कारण त्यात घालवलेला आठवडा परत मिळत नाही. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग त्या शिरेतून जोरात रक्त वाहायला लागतं आणि ती जाड होते. जाड सुया टोचण्याइतकी तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेह्यांना कधी कधी तीन महिने. काही फिस्टुला पहिल्या खेपेत तयारच होत नाहीत आणि कोपराजवळ पुन्हा करावे लागतात. म्हणून 'लागेल तेव्हा बघू' याचा अर्थ बहुतेक वेळा असा होतो, की मध्यरात्री दम लागून पेशंट कॅज्युअल्टीत येतो आणि मानेतून नळी घालून पहिलं डायलिसिस होतं.

ती नळी, म्हणजे कॅथेटर, थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. बाहेरच्या तोंडाशी जंतू शिरले की ते सरळ रक्तात जातात. नळी असलेल्या पेशंटला मशीनवर घेतल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते नळीचं इन्फेक्शनच समजायचं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (कुठले जंतू वाढतात ती तपासणी) पाठवायचं. नुसतं तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील तर तिथेच थांबून डॉक्टरांना बोलवायला सांगा. फिस्टुला तयार नसतानाच डायलिसिस सुरू करावं लागलं, तर त्वचेखालून बोगदा करून बसवतात ती पर्मकॅथ साध्या नळीपेक्षा सुरक्षित असते. जांघेतली नळी तर काही दिवसांपुरतीच.

आजपासून वडिलांच्या डाव्या हाताला (उजखोरे असतील तर) ना रक्त काढू द्यायचं, ना सलाईन लावू द्यायचं. लॅबवाल्याला दुसऱ्या हाताच्या पंजाची मागची बाजू दाखवा. शिरांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून मगच सर्जनकडे जा. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर बोटं ठेवून आतली थरथर जाणवते का बघायचं. थरथर थांबली तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला गाठा, कारण गुठळी काढून तो वाचवायला फार थोडा वेळ असतो. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, घट्ट घड्याळ घालायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. सुईच्या जागेतून घरी रक्त आलंच, तर टॉवेल गुंडाळत बसू नका. नेमक्या भोकावर बोटाने दाबून धरा. टॉवेल रक्त शोषत राहतो आणि किती गेलं ते कळतच नाही.

आता सेंटर. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा जाणं आणि १५६ वेळा येणं. चार तास मशीनवर, आधी वजन-बीपी आणि मशीनची तयारी, नंतर सुया काढून दाबून बसणं धरलं तर पाच तास सेंटरमध्येच जातात. त्यावर भांडुपहून दक्षिण मुंबईपर्यंत लोकल किंवा टॅक्सी, तीही बीपी खाली आलेल्या माणसाला घेऊन. दोन महिन्यांत घरचे थकतात आणि डायलिसिसची एखादी पाळी चुकवायला लागतात, आणि नुकसान नेमकं तिथे होतं. नेफ्रॉलॉजिस्ट मोठ्या हॉस्पिटलचा ठेवा, महिन्यातून एकदा दाखवायला जा. डायलिसिस मात्र भांडुप, मुलुंड, विक्रोळी या पट्ट्यातच घ्या. भावाला हे १५६ चं गणित मांडून दाखवा.

जवळच्या सेंटरपैकी चांगलं कुठलं, हे फरशी आणि एसी बघून कळत नाही. पाणी बघा. मशीनमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिली द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. एका पातळ पडद्याच्या अलीकडे तुमच्या वडिलांचं रक्त आणि पलीकडे हे पाणी. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते कार्बन फिल्टरने निघायला हवं, एकट्या आरओवर विसंबून चालत नाही. कार्बन संपला आणि कोणी तपासलं नाही, तर क्लोरामाइन (पाण्यातल्या क्लोरीनचंच एक रूप) रक्तात जाऊन तांबड्या पेशी फुटतात. म्हणून विचारा: प्रत्येक शिफ्टआधी क्लोरीन तपासता का, आणि त्याची वही दाखवाल का? एकूण क्लोरीन ०.१ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं. दर महिन्याचं जंतूंचं कल्चर मिलीमागे १०० सीएफयूच्या (जंतू मोजायचं एकक) आत हवं, एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या कवचातलं विष) रिपोर्टही मागा. उन्हाळ्यात टँकर येतो का, तेही विचारा. टँकर आला की पाण्याचा गुण बदलतो, आणि जे सेंटर त्या दिवशी क्षार आणि क्लोरीन पुन्हा तपासतं ते खरं काळजीवाहू. वही दाखवायला कां-कू करणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

दुसरी गोष्ट कावीळ. हिपॅटायटिस बी आणि सी डायलिसिसमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. बी असलेल्या पेशंटला वेगळी खोली आणि वेगळं मशीन हवंच. पण संसर्ग बहुतेकदा मशीनपेक्षा हातांमधून जातो: हातमोजे न बदलता एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाणं, हेपरिनची (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) एकच बाटली सगळ्यांना वापरणं, टेपचा तोच रोल. एका शिफ्टभर बाहेर बसून एवढंच बघा. एक टेक्निशियन किती मशीन सांभाळतो तेही मोजा. तीन-चारपेक्षा जास्त असतील तर हात धुवायला त्याला फुरसतच नसते. वडिलांची हिपॅटायटिस बी ची लस आजच सुरू करा. किडनीच्या पेशंटला दुप्पट डोस लागतो, ४० मायक्रोग्रॅम, शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांवर. नंतर अँटिबॉडीचं प्रमाण १० च्या वर गेलं का तपासायचं. किडनी जितकी खालावते तितकी लस कमी लागू पडते, म्हणून डायलिसिसची वाट बघू नका.

डायलायझर, म्हणजे तो पातळ पडदा असलेली गाळणी, धुऊन पुन्हा वापरणं यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र त्यावर वडिलांचं नाव हवं, दर वेळी आतलं आकारमान मोजलेलं हवं (मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की तो फेकायचा) आणि जंतुनाशक निघून गेल्याची चाचणी लावण्याआधी झालेली हवी. सुई टोचण्याआधी नाव तुम्ही स्वतः वाचा.

पैशामुळे बरेच जण आठवड्याला दोनवर येतात. वडिलांना लघवी बरी होते, त्यामुळे सुरुवातीला नेफ्रॉलॉजिस्ट स्वतःच दोन सांगू शकतील. तो निर्णय लघवी मोजून त्यांनी घ्यायचा, खर्च बघून घरच्यांनी नाही. मशीनने अंगातलं पाणी किती ओढता येतं याला मर्यादा आहे: किलोमागे तासाला १३ मिली. ६० किलोच्या माणसाचे चार तासांत तीन लिटरच्या थोडं वर. दोन पाळ्यांमध्ये साडेचार लिटर पाणी अंगात साठवून आलात तर बीपी कोसळतं, पायात गोळे येतात आणि हृदयावर ताण पडतो. अशा वेळी तासभर वाढवून मागा, ओढण्याचा वेग वाढवायला सांगू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. शिधापत्रिका, आधार आणि नेफ्रॉलॉजिस्टचे कागद घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा. योजनेचा क्रमांक १५५३८८. एक खाचखळगा: हॉस्पिटल योजनेत असलं तरी डायलिसिस योजनेत असेलच असं नाही, म्हणून नेमकं तेवढंच विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा, बिलिंगच्या खिडकीवर उत्तर मिळत नाही. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर रक्त चढवणं शक्यतो टाळायला सांगा, कारण त्याने शरीरात अँटिबॉडी तयार होऊन जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) आणि लोह आहे.

मधुमेह आहे म्हणून आणखी एक: किडनी खालावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, तोच डोस चालू ठेवला तर पहाटे साखर घसरते. डोस कमी करायचा का, हे आत्ताच विचारा.

खाण्याबद्दल आहारतज्ज्ञ सविस्तर सांगतीलच. पोटॅशियमपायी मात्र जीव जातो, त्यामुळे नारळपाणी, 'लो सोडियम' मीठ (त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं) आणि गाडीवर मीठ-तिखट लावून मिळणारं पाच धारांचं स्टार फ्रूट, तिन्ही बंद. स्टार फ्रूट तर किडनीच्या पेशंटच्या मेंदूवरच परिणाम करतं.

आणि पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हाचं मुंबईकरांना सांगायला नको, पण दर वर्षी एक-दोन दिवस तरी लोकल बंद पडते. सोम-बुध-शुक्र पाळी असेल तर शुक्रवारनंतरचं मोठं अंतर सर्वांत धोक्याचं, आणि सोमवारी पाणी तुंबलं तर ते तीनाऐवजी चार दिवसांवर जातं. जूनच्या आधी चालत जाता येईल असं एक दुसरं सेंटर शोधून ठेवा आणि तिथे वडिलांचे हिपॅटायटिस-एचआयव्हीचे रिपोर्ट, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपरिनचा डोस आणि शेवटच्या डायलिसिसचा कागद यांची प्रत देऊन ठेवा. तीन महिन्यांच्या आतला रिपोर्ट नसेल तर ऐनवेळी कोणी मशीनवर घेत नाही. मोठ्या पावसाचा इशारा आला की सेंटरला फोन करून पाळी एक दिवस आधी ओढून घ्या. चुकलीच, तर त्या दिवशी फळं, डाळ, टोमॅटो बंद, पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापापेक्षाही कमी. पाय गळून गेल्यासारखे वाटले, छातीत धडधडलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर सेंटर उघडण्याची वाट न बघता जे हॉस्पिटल जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत जा आणि दारातच सांगा, 'डायलिसिसचा पेशंट आहे, पाळी चुकलीय, आधी ईसीजी काढा.'