मी मोफत ऑनलाइन टूल बनवलंय, पण ग्रुपमध्ये लिंक टाकली की काढून टाकतात. लोकांपर्यंत कसं पोचवू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही धुळ्यात शिकता. सातबाऱ्यावरचं हेक्टर-आरमधलं क्षेत्र एकर-गुंठ्यात सांगणारं आणि भावाभावांत वाटणी किती येईल ते दाखवणारं एक पान तुम्ही बनवलंय. पंधरा-वीस शेतकरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लिंक टाकली, तीन ग्रुपमधून बाहेर काढलं आणि बाकीच्यांत कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. माझ्या बाबतीत हे जवळजवळ असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, घरी केळी. माझं टूल खताच्या हिशोबाचं आहे. लागवडीचं अंतर आणि क्षेत्र टाकलं की झाडं किती बसतील आणि युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅशच्या गोण्या किती लागतील ते दाखवतं. तयार झालं त्या रात्री मी एकच मेसेज होते नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपमध्ये ढकलला. ‘केळी उत्पादकांसाठी मोफत सुविधा, एकदा अवश्य वापरा’, असं काहीतरी. एका ॲडमिननं दोन मिनिटांत मेसेज उडवला. दुसऱ्यानं मला काढलं आणि वर सगळ्यांना सावध केलं की कुणीही ही लिंक उघडू नका.

मला तेव्हा फार लागलं होतं. पण ॲडमिनचं चुकलं नव्हतं. पीएम किसानच्या नावानं एपीके फाइली (उघडल्या की फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या) फिरवून शेतकऱ्यांच्या खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार तुम्हीही वाचले असतील. ज्या ग्रुपमध्ये एखाद्याच्या काकांचे पैसे असे गेले, तिथं अनोळखी नंबरवरून ‘मोफत’ आणि ‘लिंक’ हे दोन शब्द एकत्र आले की लोक आधी दार लावणार. तुमचं टूल चांगलं की वाईट, ही गोष्ट तिथपर्यंत पोचतच नाही.

त्यानंतर मी जे बदललं आणि ज्यानं काम झालं, ते एवढंच: लिंक टाकणं बंद केलं आणि उत्तर टाकायला लागलो.

तुमच्याच टूलवरून सांगतो. ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतं, ‘उताऱ्यावर 1.35 लिहिलंय, म्हणजे किती एकर?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. तिथं लिंक चिकटवून ‘यात बघा’ म्हणू नका. सरळ लिहा: ‘भाऊ, 1.35 म्हणजे 1 हेक्टर 35 आर. एक हेक्टर म्हणजे 2.471 एकर, त्या हिशोबानं तुमचं क्षेत्र 3 एकर आणि साधारण साडेतेरा गुंठे होतं.’ बस. त्या माणसाचं काम झालं. त्याला काही उघडावं लागलं नाही, डेटा गेला नाही, भीती वाटली नाही. आणि ग्रुपमधल्या बाकीच्या तीनशे लोकांनी पाहिलं की हा माणूस बरोबर हिशोब सांगतो.

चार-पाच वेळा असं झालं की कुणीतरी स्वतःहून विचारतं, ‘तुम्ही एवढं पटकन कसं काढता?’ लिंकची वेळ ती. तेव्हाही सोबत स्पष्ट सांगा की पान मीच बनवलंय. बनवणारा आपणच असून ‘मला एक छान वेबसाइट सापडली’ असं लिहिणारे असतात. ते आज ना उद्या उघडं पडतं आणि मग तुमच्या खऱ्या उत्तरांवरसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही. मित्रांना सांगून ‘वा, फारच उपयोगी’ असे मेसेज टाकून घेणं हाही त्यातलाच प्रकार. ते करू नका.

आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या गावचा?’ त्याचं उत्तर लिंकच्या आधी गेलं पाहिजे. मी नंतर लिहायला लागलो की मी अमुक गावचा, घरी इतकी झाडं, हे पान मी घरच्या हिशोबासाठी बनवलं होतं. दुसरा प्रश्न येतो, ‘यात तुझा काय फायदा?’ हा प्रश्न रागानं घेऊ नका, विचारणारा शहाणा आहे. फुकट देणाऱ्याची चौकशी करायलाच हवी. माझं उत्तर ठरलेलं आहे: पान फुकटच्या होस्टिंगवर आहे, मला फक्त वेबसाइटच्या नावाचे (डोमेनचे) वर्षाचे पैसे भरावे लागतात; मोबाइल नंबर मागत नाही, ओटीपी नाही, ॲप टाकायला लावत नाही, जाहिरात नाही. एका खतविक्रेत्यानं पानावर त्याचं नाव टाकायला पैसे देऊ केले होते. मी नाही म्हटलं, कारण ज्या दिवशी खताच्या हिशोबाशेजारी खतवाल्याचं नाव येईल त्या दिवशी गोण्यांचा आकडा कुणाला खरा वाटणार नाही. तुमच्या वाटणीच्या टूललाही हे लागू आहे. जमिनीच्या बाबतीत तर लोक जास्तच जपून असतात. गट नंबर, नाव, गाव यातलं काहीही विचारू नका. फक्त क्षेत्राचा आकडा आणि वाटेकरी किती, एवढ्यावर चालतंय ना? मग तेवढंच मागा, आणि भरलेला आकडा कुठं साठवला जात नाही हे पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

ॲडमिनला आधी वैयक्तिक मेसेज करा. ‘दादा, मी असं असं बनवलंय, तुम्ही एकदा तपासून बघा, योग्य वाटलं तर ग्रुपमध्ये टाकू का?’ काही उत्तर देणार नाहीत, काही नाही म्हणतील. पण जो हो म्हणतो तो बहुतेक वेळा स्वतःच टाकतो, आणि ॲडमिननं टाकलेल्या मेसेजचं वजन वेगळं असतं.

आता वेळेबद्दल, कारण माझा अर्धा उत्साह चुकीच्या वेळेत वाया गेला. माझं टूल मी जानेवारीत फिरवत होतो. जानेवारीत केळीवाल्याच्या डोक्यात थंडी आणि करपा असतो, गोण्यांचा हिशोब नसतो. केळी लागवडीचे हंगाम दोन: मृगबाग जून-जुलैला लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे झाडं किती बसतील, हा प्रश्न मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. मी मे महिन्यात ग्रुपमध्ये फक्त इतकं लिहिलं: ‘5 बाय 5 फुटांवर एकरी 1742 झाडं बसतात, 6 बाय 5 वर 1452. रोपं बुक करताना तुटाळीसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, थोडी जास्त धरा.’ लिंक नव्हतीच त्यात. त्या एका मेसेजवर जेवढे लोक बोलले तेवढे जानेवारीभर बोलले नव्हते. तुमच्या बाबतीत बघा, क्षेत्राचा प्रश्न कधी निघतो? पीकविमा भरताना, पीक पाहणी नोंदवताना, खरेदी-विक्री आणि वाटणीच्या वेळी. त्या दिवसांत ग्रुपमध्ये हजर राहा. दिवसातली वेळही बघा. संध्याकाळी केळीचे भाव येतात तेव्हा मध्ये दुसरं काही टाकलेलं कुणाला आवडत नाही.

चुकीबद्दलही लिहितो, कारण माझ्या टूलला खरी माणसं मिळाली ती चुकीमुळेच. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे केळीला झाडामागं 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश. युरियात नत्र 46 टक्के, म्हणून झाडाला साधारण 435 ग्रॅम युरिया, हप्त्याहप्त्यानं. एकरी 1742 झाडांना 758 किलो. इथवर सगळं बरोबर होतं. पुढं मी 50 नं भागलं आणि पान सांगायला लागलं, 15.2 गोण्या. एका ग्रुपमधल्या नानांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘पोरा, युरियाची गोणी 45 किलोची येते. पोटॅशची 50 ची.’ खरं होतं. 45 नं भागलं की 16.8 येतात. तीन एकरवाल्याला पाच गोण्यांचा फरक पडतो.

मला वाटलं, संपलं आता. पण मी त्याच ग्रुपमध्ये लिहिलं, ‘नाना, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. अर्ध्या तासात दुरुस्त करतो.’ केलं, आणि ज्यांनी आधी हिशोब काढला होता त्यांनी पुन्हा काढावा असंही लिहिलं. त्या दिवसापासून नाना ते पान स्वतःचं असल्यासारखं वागवतात. नवीन कुणी विचारलं की माझ्या आधी तेच उत्तर देतात. म्हणून लिंक टाकून पसार होऊ नका. टाकल्यावर दोन दिवस तरी ग्रुपमध्ये थांबा, प्रत्येकाला उत्तर द्या, आणि चूक दाखवणाऱ्याचे आभार सगळ्यांसमोर माना.

तांत्रिक बाजूचं थोडं. एकच मेसेज सगळीकडे फॉरवर्ड करू नका. त्याच्यावर ‘फॉरवर्डेड’ची खूण बसते आणि लोक ती खूण पाहूनच न वाचता पुढं जातात. फार वेळा पुढं गेलेला मेसेज तर व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, आणि अनोळखी लोकांना सारखा तोच मजकूर पाठवत राहिलात तर नंबरही बंद होऊ शकतो. प्रत्येक ग्रुपसाठी नव्यानं चार ओळी लिहा. लिंक छोटी करणाऱ्या सेवा वापरू नका, पत्ता कुठला आहे ते दिसलं पाहिजे. मागं प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट लावू नका, भले किती जण आले ते मोजण्यासाठी असेल. लिंकसोबत जो चौकोन दिसतो त्यात इंग्रजी नाव नको, ‘0.81 हेक्टर म्हणजे किती एकर?’ असं मराठीत येऊ द्या. (उत्तर आहे 2 एकर, आणि हा आकडा इतक्या उताऱ्यांवर असतो की माणूस थबकतोच.) सातपुड्याच्या पायथ्याकडच्या शिवारात रेंज धड नसते, तेव्हा एकदा उघडलेलं पान नंतर इंटरनेट नसतानाही चालेल अशी सोय करा. एवढ्याशा हिशोबाला ते अवघड नाही.

भाषेकडे माझं आधी लक्षच नव्हतं. माझे पहिले मेसेज सरकारी पत्रकासारखे होते: ‘सदर सुविधेचा लाभ घ्यावा.’ तुम्ही धुळ्याचे, तुमच्याकडे तर अहिराणी आहे. टूल मराठीतच ठेवा, पण एक वीस सेकंदांचा आवाजी मेसेज अहिराणीत करून बघा, ‘तुमना उतारावर कितलं लिखेल शे?’ इथून सुरुवात करून. मी आमच्याकडच्या लेवा बोलीत केला होता. ज्यांना टाइप केलेलं वाचायचा कंटाळा होता त्यांनी तो ऐकला, आणि घरात बाईमाणसांनाही ऐकवला. वाटणीच्या हिशोबात बहिणीचाही वाटा धरता येतो हे तुमच्या पानावर आहे का? नसेल तर घाला. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि ‘वाटेकरी किती’ मोजताना तोच आकडा आधी गाळला जातो. तुमच्या प्रश्नात फक्त भावाभावांचं आलं, म्हणून मुद्दाम लिहितो.

रेडिट आणि हॅकर न्यूज या चर्चेच्या इंग्रजी वेबसाइटींबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथं टाकायला हरकत नाही, पण सातबारावाला माणूस तिथं नाही. तिथं कोड बघणारे भेटतील. हॅकर न्यूजवर ‘शो एचएन’ म्हणून स्वतः बनवलेली, लगेच वापरून बघता येईल अशी वस्तू दाखवता येते; मित्रांना मतं द्यायला सांगणं नियमात बसत नाही. रेडिटवर जुना संकेत असा की दहात एखादीच पोस्ट स्वतःच्या वस्तूची असावी. म्हणजे तिथली रीतही आपल्या ग्रुपपेक्षा वेगळी नाही: आधी इतरांच्या कामी या.

ऑनलाइनच राहू नका, एवढं आणखी. माझ्या पानावर सगळ्यात जास्त माणसं आली ती एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून. दुकानदार ओळखीचे होते, मी क्यूआर कोडचा एक कागद तिथं चिकटवला. गोण्या घ्यायला आलेला माणूस तिथंच उभ्याउभ्या हिशोब करतो. तुमच्यासाठी अशी जागा म्हणजे तहसीलसमोरचे अर्ज लिहून देणारे आणि सातबारा काढून देणारी सेतू केंद्रं. दिवसातून कितीतरी वेळा तोच प्रश्न त्यांना विचारला जातो. त्यांना वापरून दाखवा, त्यांचं काम हलकं होत असेल तर ते पुढं सांगतीलच.

आणि बिघ्याचा पर्याय टाकाल तर आधी त्या त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. खानदेशात जुनी माणसं अजून बिघ्यात बोलतात, पण बिघा सगळीकडे एकाच मापाचा नसतो. एक बिघा किती गुंठ्यांचा, हे वापरणाऱ्यालाच भरू द्या. तेवढं झालं की लिंक या उत्तराखाली टाका. आमच्या भाऊबंदकीत सध्या एका शेताच्या वाटणीची बोलणी चालू आहेत, मी तुमच्या पानावर तो हिशोब करून बघतो आणि कुठं अडलं ते इथंच लिहितो.