वाचकांचे प्रश्न : एल्कची पहिली शिकार स्वबळावर की आउटफिटर घेऊन?

प्रश्न : मी मूळचा यावल तालुक्यातला असून चार वर्षांपासून एच-१बी व्हिसावर ह्यूस्टनला नोकरी करतो. टेक्सासमध्ये ओळखीच्यांच्या शेतावर दोनदा रानडुकराची शिकार केली आहे. पुढच्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर कोलोराडोला एल्कच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचे ठरत आहे. दोघेही नवखे आहोत आणि रजा आठ दिवसांची आहे. मित्राचे म्हणणे असे, की सरकारी जंगल सर्वांना खुले असल्यामुळे आपले आपण जावे, पैसे मोजून गाइड घेतला तर ती शिकार आपली राहत नाही. आपले मत काय?

उत्तर : माझे मत आधीच सांगून टाकतो. ड्रॉप कॅम्प घ्या, म्हणजे आउटफिटरने (पैसे घेऊन शिकारीची सोय करणाऱ्याने) जंगलातल्या तंबूपर्यंत पोहोचवायचे आणि शिकार तुमची तुम्ही करायची. रजा आठाऐवजी बारा दिवसांची करा आणि नराऐवजी मादीच्या परवान्यासाठी अर्ज करा.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही. ज्याच्याजवळ तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे, त्याला यातून सूट मिळते. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला 2019 पासून शिकार परवाना लागत नाही. त्यामुळे तिथल्या तुमच्या ओळखीच्यांनी परवान्याचा विषयही काढला नसेल. पण त्यांना जे चालते ते तुम्हाला चालेलच असे नाही. बंदूक दुसऱ्याची असली तरी ती हातात घेणे हे बाळगणेच ठरते. तेव्हा परवाना खिशात आल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या मित्राचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. कोलोराडोच्या सरकारी जंगलात परराज्यातल्या माणसालाही गाइडशिवाय शिकार करता येते. शेजारच्या वायोमिंगमध्ये, ‘विल्डरनेस’ म्हणून घोषित झालेल्या केंद्रीय जंगलात, परराज्यातल्या शिकाऱ्याला मोठ्या जनावरामागे जायचे असेल तर परवानाधारक गाइड किंवा त्याच राज्याचा रहिवासी सोबत असावाच लागतो. कोलोराडोत तसे बंधन नाही. अडचण आहे ती डोंगराची आणि दिवसांची. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर ऑक्टोबरातला एल्क बहुधा अडीच ते साडेतीन हजार मीटर उंचीवर असतो. आपले तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, एवढे सांगितले म्हणजे फरक लक्षात येईल. गाडीने जाण्यायेण्यात चार दिवस गेले तर आठांपैकी चारच उरतात आणि त्यातला पहिला दिवस श्वास स्थिरावण्यातच जातो. स्थानिक शिकारी जुलैपासून त्या उतारांवर फिरून माग, पाणवठे आणि चरण्याच्या जागा पाहून ठेवतो. तरीही पाचांतल्या चार शिकाऱ्यांना हंगामात रिकाम्या हाताने परतावे लागते, हे तिथले साधारण प्रमाण आहे.

खरा कस मात्र जनावर पडल्यानंतर लागतो. एल्क आपल्या सातपुड्यातल्या सांबराच्याच कुळातला असला तरी पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. मी एकदा मावसभावाच्या कॅम्पवर, बंदूक न घेता, केवळ सोबतीला गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास मादी पडली, तीही दरीच्या पार तळाशी. चामडे सोडवून मागचा फरा सुती पिशवीत घातला, तेव्हा पिशवीतून वाफ निघत होती आणि आमची बोटे थंडीने वळत नव्हती. रावेरच्या बागेतून केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत येणे मला ठाऊक आहे. वजन साधारण तेवढेच होते, पण घड अंगाशी बसतो आणि हा फरा प्रत्येक पावलाला एका बाजूला ओढत होता. आम्हा तिघांना प्रत्येकी दोन खेपा कराव्या लागल्या आणि दुसरी खेप हेडलॅम्पच्या उजेडात झाली. खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे कोलोराडोत गुन्हा आहे, त्यामुळे ‘झेपेल तेवढे आणू’ हा पर्यायच नसतो. तुम्ही दोघेच असाल आणि गाडी पाच किलोमीटरवर असेल, तर काय होईल याचा हिशेब गोळी झाडण्याआधी करायला हवा.

ड्रॉप कॅम्पमध्ये नेमकी ही बाजू सावरली जाते. आउटफिटर तुम्हाला घोड्या-खेचरांवरून आतल्या तंबूपर्यंत पोहोचवतो. शेगडी आणि सरपण तिथे असते. मग तो परत जातो. माग तुम्हीच काढायचा, वारा तुम्हीच ओळखायचा, नेम तुम्हीच धरायचा. जनावर पडले की सॅटेलाइट मेसेंजरवरून निरोप द्यायचा, कारण मोबाइलला तिथे रेंज नसते, आणि मांस खेचरांवर येते. यात शिकार परकी कशी होईल, हे तुमच्या मित्राला जरूर विचारा. खर्च साधारण दोन ते चार हजार डॉलर; पूर्ण गाइडसह शिकारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. दोन्हींत परवान्याचे शुल्क वेगळे.

पूर्ण गाइड मी दोनच परिस्थितींत सुचवेन : मित्र ऐन वेळी गळाला तर, किंवा जनावर सोलून त्याचे फरे वेगळे करण्याचे काम तुमच्यापैकी एकानेही केलेले नसेल तर. तसे असेल तर पैसे वाया गेले असे मानू नका. वारा फिरला की उतार कसा बदलायचा, हे जाणत्या माणसामागे चार दिवस चालून जितके कळते, तितके एकट्याने कळायला अनेक हंगाम जातात.

मादीचा परवाना सुचवण्याचे कारण असे, की तो मिळण्याची शक्यता सहसा जास्त असते आणि शिंगे मोजत बसावे लागत नाही. कोलोराडोच्या बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळालगतचे टोक पाच इंचांचे असावे लागते. झाडोऱ्याआडून हे ओळखताना नवखा माणूस हमखास गडबडतो. परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात. हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. टेक्सासचे तिथे चालते. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी लागते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. एका आउटफिटरने त्याच्याकडे निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे. भरवसा कसा ठेवावा? (धुळे)

उत्तर : निम्मी आगाऊ रक्कम मागण्याची तिथे पद्धतच आहे, तेवढ्यावरून संशय घेऊ नये. कोलोराडोत आउटफिटरला राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. शिवाय सरकारी जंगलात व्यवसाय करायला वनखात्याचा त्या भागापुरता परवाना लागतो, तेव्हा भावाने त्याची प्रत मागावी आणि वन कार्यालयाला फोन करून खात्री करावी. लेखी करार घ्यावा. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागताना ज्यांना शिकार मिळाली नाही त्यांचेही मागावेत. कॅम्प कसा होता, हे तेच मोकळेपणाने सांगतात. आणि निरोप दिल्यापासून खेचरे किती तासांत पोहोचतील, हे करारातच लिहून घ्यावे, कारण ऑक्टोबरातही दुपारचे ऊन पडले तर मांस दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.